कोमट पातं

दिवसभर चाकाशी वाकून धारवाल्या काकांची पाठ धरली होती. ते दुकान आवरत होते, तेवढ्यात मागच्या गल्लीतली शिंपीणबाई खिशात मावणारा छोटा चाकू घेऊन आली.

“काका, हा कोणत्या धातूचा आहे, तेवढं सांगा.”

काकांनी पातं चाकाला लावलं. लोखंड असो की पोलाद, ठिणग्या उडतातच. इथे एकही उडाली नाही. लोहचुंबकही चिकटेना. पितळ म्हणावं, तर पिवळेपणा नाही.

वैतागून त्यांनी चाकू मुठीत धरला आणि ते दचकले. तो कोमट होता, झोपलेल्या माणसाच्या तळहातासारखा.

चाकाने तापला असेल म्हणून त्यांनी तो पाण्याच्या बादलीत टाकला. चहा पिऊन होईस्तोवर ठेवला. तरी तसाच.

“उन्हात ठेवला होता का?”

“कपाटात असतो. आमचे हे बोटीवर कामाला गेले, तेव्हा घरीच विसरले. तेव्हापासून चांगला ऊन असायचा. वाट बघून जीव शिणला, की उशाशी घेऊन झोपायचे मी.”

“मग आजच धातू कशाला विचारताय?”

तिने चाकू गालाला लावून पाहिला.

“सकाळपासून गार पडत चाललाय. असं होणारा एखादा धातू असेल ना, काका?”