अगदी मापाचे

गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात केतकी शिरली आणि काउंटरमागे उभ्या असलेल्या शलाकाच्या पायांची बोटं आपोआप आखडली.

गेल्या वर्षी कृत्रिम भिंत चढण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धेच्या सकाळी शलाकाचे बूट फाटले, तेव्हा केतकीने स्वतःहून आपली जुनी जोडी पुढे केली होती. "चढाईचे बूट घट्टच हवेत गं, वर जाता जाता सैल होतात," म्हणाली होती. निम्म्या भिंतीवर शलाकाच्या अंगठ्यातून कळ मस्तकात गेली आणि हात सुटला. सुवर्णपदक केतकीने नेलं. "तिला होणार नाहीत हे मला ठाऊकच होतं," असं ती नंतर मैत्रिणींना हसत सांगत होती, ते शलाकाच्या कानावर आलंच.

"परवाच्या स्पर्धेला नवे बूट हवेत. तूच बघून दे," केतकी बाकावर बसत म्हणाली.

शलाकाने मुद्दाम एक नंबर लहान जोडी तिच्या पायांत चढवली. केतकीने ओठ चावला. "फार घट्ट नाहीत का गं हे?"

'घट्टच हवेत' हे शब्द शलाकाच्या अगदी जिभेवर आले. पण मग केतकीला बुटांनी हरवलं असतं, शलाकाने नाही. तेवढ्यावर तिचं समाधान होणार नव्हतं.

तिने ती जोडी काढून दुसरी आणली. बोटं चढाईला हवीत तेवढीच किंचित दुमडलेली, टाचेत पोकळी नाही, कुठे टोचणं नाही. केतकी खुशीत चवड्यांवर उभी राहिली. "माझ्यासाठीच बनवल्यासारखे आहेत!"

"छान झालं," शलाका म्हणाली. "परवा मीही उतरतेय. सगळ्यांसमोर तुला हरवणार आहे, आणि तेव्हा तुझ्याकडे एकही सबब असता कामा नये."

केतकीच्या टाचा हळूच जमिनीला टेकल्या.