मास्तरांच्या काखेतली गाठ

"दुखतंय का?" मास्तरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"टाके आहेत, दुखणारच. तू आधी स्वस्थ बस बघू."

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. शेजारी बसून ते नुसतं "ब्रेक!" म्हणाले की शिकणाऱ्याचा पाय आपोआप दाबला जायचा. काखेत बोराएवढी गाठ आली तेव्हा त्यांनी तिलाही असंच दटावून पाहिलं. गाठ काही ऐकेना. शेवटी डॉक्टरांनी ती काढून तपासायला पाठवली.

आज रिपोर्ट मिळणार होता. दवाखान्याच्या बाकावर दोघं बोलावण्याची वाट बघत बसली होती.

"अहो, रागवू नका. लेकीला कळवूया ना."

"त्या घराचं नाव काढायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?"

ठरलं कसलं, मास्तरांनी ठरवलं होतं. लेकीने मनाविरुद्ध लग्न केलं, त्या दिवसापासून तिला दार बंद. बाईंनी उशीत तोंड खुपसून रडून घेतलं, पण नवऱ्याचा शब्द मोडला नाही. आज मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या काही बरंवाईट झालं, तर पोरीला बाप दिसणारसुद्धा नाही.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

"संसर्ग आहे, बरा होईल. पण गाठीच्या तुकड्यात जे दिसलंय, ते बहुतेक वेळा मांजराच्या ओरखड्यातून होतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात."

"आमच्याकडे कसलं मांजर!" बाईंना हसू फुटलं. "यांना शर्टावर एक केस खपत नाही." आणि एकदम त्यांचं हसू मावळलं. "डॉक्टर, रिपोर्टची अदलाबदल नाही ना झाली? ही दुसऱ्याच कुणाची गाठ असेल. यांची परत तपासा हो! हे कशाला खोटं बोलतील?"

त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. मास्तर ते बघत राहिले.

"अगं, रिपोर्ट माझाच आहे," ते मान खाली घालून म्हणाले. "मांजर लेकीकडे आहे."