स्वस्त पेडलचा दणका

गिटारचा आवाज फाडून देणारं स्वस्तातलं पेडल घरी आणलं आणि धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी बँडवाले त्याचं वाजवणं ऐकायला घरी येणार होते. पसंत पडलं, तर बँडमधली जागा पक्की. पण पेडल इतकं स्वस्त, की सोबत बॅटरीसुद्धा आली नव्हती. घरात तसली चौकोनी बॅटरी एकच होती. ती त्याने स्टुलावर चढून दारावरच्या डबीतून काढली, पेडलमध्ये बसवली, मध्ये कुणाची कटकट नको म्हणून फोन गप्प केला आणि तारा छेडल्या. खिडकीच्या काचा थरथरल्या.

"अरे, कानाचे पडदे फाटतील!" ताई ओरडली.

"ताई, महागड्या पेडलवर पैसे उधळतात ते हौशे-नवशे. खरा आवाज बोटांतून येतो."

"मग हे तरी कशाला आणलंस?"

उत्तरादाखल त्याने पेडलचं बटण शेवटपर्यंत पिळलं. ताई कानात कापसाचे बोळे घालून मागच्या खोलीत गेली.

अंधार पडला तरी कुणी फिरकलं नाही. "साधी वेळ पाळता येत नाही, हे ताल काय पाळणार!" असं म्हणत त्याने नाक मुरडलं आणि फोन हातात घेतला. बँडच्या म्होरक्याचा निरोप येऊन पडला होता :

 

"येऊन गेलो. तुमची बेल वाजत नाही, आणि दार बडवलं तर आत कुणीतरी मिक्सरमध्ये दगड दळत बसलं होतं. शेवटी दुसरा गिटारवाला घेतला."