कॅसेटवरचा गंज

"कार रेसची ही कॅसेट आता सहसा मिळत नाही," जुने व्हिडिओ गेम जमवणारे सबनीस भिंगातून बघत म्हणाले. "पण पिना गंजल्यात. गेम अडकला की सगळे आत फुंकर मारायचे ना, त्या तोंडाच्या वाफेनं. किंमत निम्मी होणार."

माझा धाकटा भाऊ प्रत्येक शर्यतीआधी गाल फुगवून फुंकायचा. त्याचा तेरावा कालच झाला होता. मला अजून रडू आलं नव्हतं. त्याची खोली तेवढी रिकामी करायची होती.

"जे येईल ते द्या," मी म्हणाले.

"थांबा, साफ केल्यावर भाव वाढेल." त्यांनी खोडरबरानं पिना घासल्या. टेबलावर काळपट चुरा पडला. तो फुंकून उडवायला ते वाकले.

"फुंकू नका," मी म्हणाले आणि चुऱ्यावर तळहात ठेवला.