पेटीच्या मागचे हात

भाऊ, या घरातला उजेड तुम्ही खाल्लात. वाढदिवस तुमचा, केक तुमचा आणि खिडकी मात्र दुसऱ्याची. फ्लेक्सवर हात जोडून उभे राहिलात ते जागचे हललाच नाहीत. तुमच्या पाठीमागं एक पोरगी भर दुपारी बल्ब लावून सोल्डरिंग करत बसली.

ती पोरगी म्हणजे तेजस्विनी. ही वाक्यं तिनं मनात इतकी घोळवली होती की गुळगुळीत झाली होती. आज, सिडकोतल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात, गिटारसाठी घरीच बनवलेल्या अ‍ॅम्पच्या पेटीचा शेवटचा कोपरा ती मढवत होती, आणि वॉर्डातल्या पुढारी भाऊंचा कार्यकर्ता मयूर नवा फ्लेक्स खांद्यावर टाकून थेट गॅलरीत शिरला.

"ताई, जरा सरक. बांबूला बांधायचाय. भाऊंची निवड झाली ना."

"जुना वाऱ्यानं आमच्या गॅलरीत पडला, तेव्हा किती फोन केले तुला. न्यायला आलास?"

"राहून गेलं गं. कुठंय तो?"

 तिचे वडील अण्णा, म्हणजे रिक्षांच्या सीटा शिवणारे रंगनाथ, हातातलं ब्लेड तसंच धरून बसले. घरात रेग्झीनच्या तुकड्यांना तोटा नव्हता. पण तेजूनं हट्टच धरला होता: या फ्लेक्सनं एवढे दिवस माझी खिडकी झाकली, आता माझी पेटी झाकू दे. तेव्हा रंगनाथनीच सांगितलं होतं, छापील बाजू आत घे, काळी बाजू वर. उगाच कुणाच्या डोळ्यावर नको.

मयूरनं फ्लेक्सच्या वरच्या दोऱ्या बांधल्या. खोलीत अंधारून आलं. वाकून आत येताना त्याचं लक्ष पेटीकडं गेलं.

"अ‍ॅम्प? घरी बनवला? भारीच की. वाजतो का?"

"उद्या कॉलेज रोडला वाजवायचाय. पहिल्यांदा. चार माणसांसमोर."

मयूर कौतुकानं पेटीच्या मागं गेला. मागची बाजू उघडी होती. फ्लेक्सची उरलेली पट्टी तिथं उलटी दुमडून चिकटवलेली, आणि त्या पट्टीवर दोन हात. जोडलेले. मनगटात सोन्याचं घड्याळ.

"हे... भाऊ आहेत?"

"थोडेसे."

"आणि बाकीचे?"

"आत. फळीला चिकटलेत."

"ताई, तू भाऊंना गोंद लावला?"

"अण्णांनी लावला. मी नुसतं दाबून धरलं."

मयूरच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं. "काढ. आत्ताच्या आत्ता काढ. कुणी फोटो मारून ग्रुपवर टाकला तर मला चौकात उभं करतील." मग तो रंगनाथकडं वळला, आवाज खाली आणून. "अण्णा, तुमची सीटांची टपरी कोपऱ्यावर कुणाच्या जिवावर उभी आहे, ते मी सांगायला पाहिजे का?"

रंगनाथनी मान खाली घातली. स्क्रूड्रायव्हर घेतला, कोपऱ्यात घातला आणि ओढला. फ्लेक्स निघाला, पण भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा प्लायवूडचा वरचा थर घेऊन निघाला. ते थांबले.

"तेजू, मीच लावलंय. आता नाही सुटायचं. फळीच जाईल."

तेजस्विनीनं त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. आत काही हललं तर नाही, हे बघायला तिनं स्विच दाबला. पेटी घुमायला लागली. घूं... घूं... वायरी बदलल्या, अर्थिंग पुन्हा केलं, तरी ही घूं काही तिला मारता आली नव्हती. बल्बच्या उजेडात हा आवाज ऐकून ऐकून तिचं डोकं उठलं होतं. ती सरळ पेटीवरच बसली.

"असं काय? मग मी भाऊंनाच फोन लावतो," मयूर म्हणाला.

"लाव. स्पीकरवर ठेव."

फोन लागेल असं त्यालाही वाटलं नसावं. पण लागला.

"बोल रे," पलीकडून आवाज आला.

 तेजस्विनीनं फोन ओढून घेतला. रंगनाथ मान हलवून नको, नको म्हणत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं पाहिलं. नव्या फ्लेक्सची काळी पाठ तिथं हलत होती.

"भाऊ, मी रंगनाथ सीटवाल्यांची मुलगी. तुमचा फ्लेक्स मी कापला. न विचारता कापला. त्याचं काय करायचं ते माझं करा, टपरीचं नाही. पण तुम्ही आमच्या खिडकीवर उभे राहिलात, तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

 खोलीत फक्त पेटीची घूं.

"हॅलो? मी लाईनवर आहे, भाऊ. सांगा. कुणाला विचारलं होतं?"