सेटमधली शिट्टी

आठवडाभर बॉनेट उघडं टाकून मी त्या शिट्टीच्या मागे लागलो होतो. हॅम रेडिओवर बोलायला लागलो की जीपच्या अल्टरनेटरची शिट्टी माझ्या आवाजामागे पलीकडे ऐकू जायची; रेस दिली की चढायची. शेवटी लायटरच्या सॉकेटमधला प्लग काढला, सेट थेट बॅटरीला जोडला, मध्ये फिल्टर बसवला. शिट्टी गायब!

रविवारी आंबोली घाट चढताना ऐटीत केसरकर सरांना हाक दिली. मला रेडिओ शिकवणारे सर दोन वर्षं सावंतवाडीत अंथरुणाला खिळून आहेत.

"गाडी बंद पडली काय रे? ओव्हर."

"नाही सर, घाटातच आहे. ती शिट्टी घालवली एकदाची! ओव्हर."

सर म्हणाले, "बरं केलंस. तिच्यावरनं मला वळणं कळायची. दर रविवारी तुझ्याबरोबर घाट चढायचो. ओव्हर."

मी जीप कडेला घेतली. बॅटरीवरनं सेटची वायर उपटली, जुना प्लग सॉकेटमध्ये खुपसला आणि निघालो. वळणावर काही न बोलता नुसतं माइकचं बटण दाबून धरलं, मग सोडलं.

"दुसरा गिअर टाकलास," सर म्हणाले. "आता धबधबा येईल."