जनरल ब्रँट यांचा परिचय

"चार तारे. तीन हजार तास आकाशात. आखाती युद्धात शत्रूच्या माऱ्यात शिरून जोडीच्या विमानातल्या डेल कुचेराला, म्हणजे आपल्याच गावच्या मुलाला, वाचवण्याची शर्थ–"

नेब्रास्कातल्या या गावात दर मे महिन्यात, हुतात्मा सैनिकांच्या स्मृतिदिनी, हे वाचलं जातं. जनरलना आमंत्रण पाठवते डेलची आई.

यंदा समारंभाआधीच जनरल हॉलिस ब्रँट तिच्या स्वयंपाकघरात शिरले. टोपी हातात.

"मिसेस कुचेरा, वाचवायची शर्थ वगैरे सगळं खोटं. मागे फिरायचा हुकूम आला होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डेल माझ्यामागे आला."

"माहितीये. त्याच्या तुकडीतल्या एकाने त्याच वर्षी सांगितलं. साखर किती घालू कॉफीत?"

जनरल मटकन खुर्चीवर बसले.

"तीस वर्षं माहितीये? मग मला बोलावता कशाला? एकदाच चारचौघांत तोंडावर थुंकायचं होतं. सुटलो असतो."

"म्हणून तर नाही थुंकले."

बाहेर बँड सुरू झाला. म्हातारीने त्यांच्या छातीवरचं तिरकं झालेलं पदक नीट केलं.

"ऊठ, हॉलिस. मी तुला टाळ्या ऐकायला बोलावते."